काच कुठली टाकू?

फ्रेमवाल्यानं हा प्रश्न विचारला की भलेभले गडबडतात. पट्टीबद्दल आपली मतं तयार असतात. सोनेरी नको, लग्नाच्या हॉलमधली वाटते. काळी नको, मयतीची वाटते. तपकिरी चालेल, पण तिच्यावर वेलबुट्टी नको. फुटाचा भाव दोनदा विचारून होतो, घासाघीस होते, 'शनिवारपर्यंत द्या बरं का' म्हणून आपण पायरी उतरतो, आणि मागून आवाज येतो : 'काच कुठली टाकू?' यावर 'टाका की चांगली बघून' यापलीकडे उत्तर सुचत नाही. काचेचं नशीबच तसं. ती दिसली नाही तर चांगली, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी आपला हात खिशात जात नाही.

आमचं नांदूरघाट केज तालुक्यात. भिंतीवर काय लावायचं याची गावाकडची रीत ठरलेली आहे. देव, महापुरुष, वारलेली माणसं आणि लग्नातले जोड. यातल्या कशालाही कोणी कलाकृती म्हणत नाही. त्यामुळे पुतणीनं इंटरमिजिएट परीक्षेच्या सरावात काढलेलं स्मरणचित्र बैठकीत लावायचं ठरलं तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. चित्रात बाजार भरलाय. मधोमध एक भाजीवाली म्हातारी, पुढ्यात टमाट्यांचा ढीग, मागं रंगीत छत्र्या. माय बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'एकट्या जित्या माणसाचा फोटो फ्रेमात घालू नाही.' ही बाई खरी नाही, मनानं काढलेली आहे, असं पुतणीनं समजावून सांगितलं. मायला ते काही पटलं नाही. 'मनानं कामून? वळखीची दिसायलीय की.'

तालुक्याच्या फ्रेमवाल्याकडं तीन प्रकार होते. साधी, बिगरचमकीची आणि फायबर. चौथी 'म्युझियमची काच' म्हणून असते, पण ती पुण्या-मुंबईकडं, असं त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा झाला की ती काच विचारणारा माणूसही पुण्या-मुंबईकडचाच असायला हवा.

साध्या काचेचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे, आकडा मात्र कमी लोकांना. काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो, मागच्या पृष्ठभागावरून आणखी चार. एकूण आठ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समोर उघडं दार असेल, बाहेर वैशाखातलं ऊन असेल आणि चित्र गडद रंगाचं असेल, तर त्या आठ टक्क्यांत सगळा रस्ता येऊन बसतो. आमच्या बैठकीत भाजीवालीच्या टोपलीतून ट्रॅक्टर गेला असता. शिवाय नेहमीच्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे ती किंचित हिरवी असते. कडेनं बघितलं की लगेच कळतं. टमाट्यांचं त्यात थोडं नुकसान, मेथीचा फायदा.

मग बिगरचमकीची घ्यावी. या काचेचा पृष्ठभाग बारीक खरबरीत केलेला असतो, त्यामुळे उजेड एका जागी न चमकता पांगतो. फ्रेमवाल्यानं ती चित्रावर टेकवून दाखवली आणि आम्ही सगळे खूश झालो. मग त्यानं ती चित्रापासून बोटभर वर उचलली. बाजारावर धुकं उतरलं. म्हातारीचं नाक गेलं. या काचेचा गुण चित्राला चिकटून असेपर्यंतच टिकतो. आणि चित्र काचेला चिकटून असू नये, हा तर फ्रेमकामाचा पहिला नियम. दोघांमध्ये माऊंटची जाड कड घालून पोकळी ठेवायची, कारण हवेतला ओलावा काचेच्या आतल्या बाजूला धरतो आणि त्याचा पहिला बळी कागद असतो.

हा नियम आमच्या गावाकडं कोणी पाळलेला दिसत नाही. आमच्याच घरात वडिलांच्या लग्नातला फोटो आहे. स्टुडिओवाल्यानं तो काचेला घट्ट लावून, मागून पुठ्ठा ठोकून दिला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो दमट हवेत मऊ होतो आणि काचेला धरतो. इतक्या पावसाळ्यांनंतर आता वडिलांच्या फेट्याचा तुरा काचेचा झाला आहे. फ्रेम बदलायची म्हटलं तर काच निघेल, पण तुरा तिच्यासोबत जाईल. म्हणून जाणकार सांगतात, असा फोटो ओढू नका, काचेसकट राहू द्या. वडिलांना जिवंतपणी फेटा जड व्हायचा, लग्न लागल्याबरोबर काढून ठेवला असं माय सांगते. फोटोत मात्र त्याची सुटका नाही.

काचेतल्या चमकीचं दुखणं आपलंच आहे असं समजायचं कारण नाही. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामवंत चित्रांवर काचा बसवायला घेतल्या, तेव्हा कलाप्रेमी मंडळी फार चिडली. रोलाँ दोर्जलेस नावाचा लेखक दाढीचं सामान घेऊन संग्रहालयात गेला आणि रेम्ब्राँच्या चित्रासमोर उभा राहून, त्या काचेत बघत चक्क दाढी करू लागला. निषेधाचा इतका स्वच्छ प्रकार मी दुसरा ऐकलेला नाही. आणि गंमत पुढेच आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच 'मोनालिसा' चोरीला गेली. चोर होता विन्चेन्झो पेरुजा, आणि या गृहस्थानं पूर्वी त्याच संग्रहालयात चित्रांना काचा बसवायचं काम केलं होतं! संरक्षणाची सगळी कळ ज्याला ठाऊक, त्यानंच चित्र पळवलं. दोन वर्षांनी, १९१३ च्या डिसेंबरात ते इटलीत सापडलं. पुढं १९५६ मध्ये एकानं तिच्यावर दगड मारला. आता ती बंदुकीची गोळी अडवणाऱ्या काचेमागं बसते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १४ ऑक्टोबर २०२२ ला दोन आंदोलकांनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर डबाबंद टोमॅटोचं सूप फेकलं, तेव्हाही काच होती म्हणून फुलं वाचली. ही बातमी मी पुतणीला सांगितली. ती म्हणाली, 'आपल्याकडं टमाटे आतच आहेत.'

उलट फ्रान्सिस बेकन हा चित्रकार आपल्या भल्यामोठ्या तैलचित्रांवर मुद्दाम काच लावायचा आग्रह धरी. तैलचित्राला एरवी काच लावत नाहीत. बघणाऱ्याचं प्रतिबिंब आत पडलं तरी त्याची हरकत नव्हती. आमच्या बैठकीतल्या पाहुण्यांना हा माणूस आवडला असता. बैठकीत शिरलेला पाहुणा आधी फ्रेमसमोर उभा राहून टोपी नीट करतो आणि मग 'कुणी काढलंय?' म्हणून विचारतो.

चमक हा काचेचा दिसणारा दोष. न दिसणारा दोष जास्त वाईट. केज-अंबाजोगाईच्या वाटेवर कुठल्याही हॉटेलात चहाला बसा आणि गल्ल्यामागच्या देवांकडं बघा. काचेमागं असूनही सगळे निळे पडलेले. छपाईच्या शाईतले पिवळा आणि गुलाबी हे रंग उन्हात आधी विरतात, निळा आणि काळा मागं राहतात. त्यामुळे काही वर्षांत लक्ष्मी निळी होते, गणपती निळा होतो, मालकाचे वडीलही निळे होतात. कृष्णाचं मात्र काही बिघडत नाही. साधी काच सूर्यप्रकाशातले सर्वांत तिखट अतिनील किरण अडवते, पण त्यांच्या शेजारचे बरेचसे आत सोडते. म्युझियमची काच त्यातले ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. एवढं ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथंच फसतो. कारण रंग फक्त अतिनील किरणांनी उडत नाहीत. ज्या उजेडात आपण चित्र बघतो, तो साधा उजेडही रंग खातो, आणि झालेली झीज पुन्हा भरून येत नाही. कागदावरच्या जलरंगांसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्स असतो. म्हणजे संग्रहालयानं चित्राला दोन हजार तासांत जेवढा उजेड दाखवला असता, तेवढा आमचं अंगण तासाभरात दाखवतं. या हिशेबापुढं काचेचा भाव कोण विचारतो? आधी भिंत बदलायची.

मी घरातल्या भिंती या दृष्टीनं बघत फिरलो. बैठकीचं दार पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि नेमकी तीच भिंत मानाची. दाराच्याच अंगाची भिंत सावलीत राहते, पण तिथं लावलेलं चित्र आत येणाऱ्या माणसाच्या पाठीमागं पडतं, दिसतं फक्त निघताना. पुतणीला हे अजिबात मान्य नव्हतं. तिचं म्हणणं असं की चित्र शंभर वर्षं टिकवून त्याच्याकडं कोणी बघणारच नसेल, तर ते टिकवायचं कशासाठी. संग्रहालयवाले लोकही याच प्रश्नावर आयुष्यभर भांडत असतात, म्हणून मी गप्प राहिलो.

खरं तर रंग टिकवायची सगळ्यात नामी व्यवस्था आमच्या भागात आपोआप होते. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत दाराला कुलूप, नाहीतर एखादी म्हातारी राखणीला. आत भिंतीवरचे फोटो महिनोन्‌महिने अंधारात. माणसं फडात उन्हानं करपतात आणि घरातले त्यांचे लग्नाचे फोटो ताजे राहतात. हे लिहायला बरं वाटत नाही, पण रंगांचं शास्त्र एवढंच बघतं.

अंधारात दुसरी मंडळी सुखात असतात, ती गोष्ट वेगळी. कसर पुठ्ठ्यामागं घर करते. मातीच्या भिंतीतून वाळवी निघते, खिळ्याच्या वाटेनं फ्रेमच्या पाठीत शिरते, आणि माणसाचा कोट खाऊन झाल्यावर चेहऱ्याकडं वळते. काच या सगळ्याकडं समोरून बघत राहते. तिची राखण एकाच बाजूची. म्हणून मला वाटतं, काचेवर चार पैसे वाचवावेत आणि ते पाठीवर घालावेत. आम्लधर्मी स्वस्त पुठ्ठ्यानं कागद मागून पिवळा पडतो, तेव्हा पुठ्ठा बरा घ्यावा, पाठ कागदानं नीट बंद करावी, आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाच्या किंवा रबराच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. फ्रेमवाल्याला चकत्या लावायला सांगितल्या तेव्हा त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं, पण लावल्या.

संरक्षणाच्या नादात चित्राचं काय होतं, याचा मोठा धडा आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना काच कुठून लावणार? तर १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. आमचा बीड जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात. त्यांनी पोपडे धरलेला गिलावा भिंतीला पक्का केला, हे मोठं काम झालं. पण रंगांवर लाखेचं रोगण चढलं. त्याच्याही आधी नकला काढणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश फासलेलं होतंच. पुढं हे थर पिवळे-तपकिरी पडले, त्यांच्यावर धूर-धूळ बसली, आणि पुरातत्त्व खात्याला रंग शोधण्यासाठी ते थर हळूहळू उतरवत बसावं लागलं. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. काचेच्या बाजूनं बोलायचं तर हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे : ती चित्राला न लागता उभी असते आणि चार खिळे काढले की बाजूला होते.

आता फायबर. म्हणजे ॲक्रिलिक. काचेच्या निम्म्यापेक्षा हलकं, उजेड काचेइतकाच किंवा किंचित जास्त आत सोडतं, आणि पडलं तर ठिकऱ्या होत नाहीत. ज्याला तालुक्याहून एस.टी.नं काच न्यायची आहे त्याला ही शेवटची गोष्ट फार पटते. काच आडवी न्यायची नसते, उभी न्यायची असते. लालपरीत माणूसच तिरपा उभा असतो तिथं काच सरळ कशी उभी राहणार? शिवाय हातात काच आहे म्हटलं की लोक वाट देत नाहीत, वाकून आत बघतात. 'कुणाचा फोटो हाय?' म्हणून विचारतात. नुसती काच आहे म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

पण ॲक्रिलिकला ओरखडे पडतात. धूळ बसली की कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि त्याच धुळीनं ते खरवडायचं, हा त्याचा अंत. घासलं की त्यात विजेचा भार साठतो आणि ते आणखी धूळ ओढून घेतं. खडूच्या किंवा कोळशाच्या चित्रावर तर ते लावूच नये, कारण ते कागदावरची पूडही आपल्याकडं ओढतं. पुतणीचं चित्र पोस्टर रंगांतलं, तेव्हा ती भीती नव्हती. भीती मायच्या पदराची होती. आमच्याकडं उन्हाळ्यात वावटळ येऊन गेली की माय दिसेल ती वस्तू पदरानं पुसत घरभर फिरते. वर्षभरात म्हातारीला भाजीसकट मोतीबिंदू झाला असता.

म्युझियमच्या काचेचं वर्णन वाचताना मला हेच जाणवलं. तिच्यावर चष्म्याच्या काचेसारखा लेप असतो, उजेड परत फिरण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली येतं, समोर काच आहे हे कळत नाही. किंमत साध्या काचेच्या कितीतरी पट. आणि सूचना अशा की बोटांचे ठसे उठून दिसतात तेव्हा हात लावू नका, मऊ कापडानं पुसा, भलतं रसायन वापरू नका. ही काच ज्यानं शोधली त्यानं असं घर डोळ्यापुढं ठेवलं होतं की जिथं चित्राला कोणी हात लावत नाही. आमच्या घरात असं एकही चित्र नाही.

माजघरातली लक्ष्मीच घ्या. राजा रविवर्मानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढं श्लायशर नावाच्या जर्मन माणसाकडं गेला, आणि त्या छापखान्याच्या देवदेवता घराघरांत शिरल्या. त्यांच्या नकलाही भरपूर निघाल्या. आमची अस्सल की नक्कल, कोण सांगणार. पणजीनं तिच्या लुगड्यावर जर आणि टिकल्या चिकटवल्या, तशी तेव्हा रीतच होती, आणि त्या जाडीमुळं काच कागदापासून आपसूक अंतर राखून राहिली. लक्ष्मी काचेला चिकटली नाही याचं श्रेय माऊंटला नाही, टिकल्यांना आहे. काचही जुनी, लाटा असलेली. हल्लीची काच वितळलेल्या कथलाच्या पृष्ठभागावर तरंगत सपाट होते, ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जगापुढं आणली. त्याआधीच्या काचेतून बघताना आपण चाललो की आतला हत्ती सोंड हलवतो. लहानपणी आम्ही त्याला चालता-चालता नमस्कार करायचो तो एवढ्यासाठीच.

या लक्ष्मीला दर शुक्रवारी कुंकू लागतं. ते लागतं अर्थात काचेला, कपाळाच्या समोर. समोरून बघितलं तर बरोबर भुवयांच्या मधे, बाजूनं बघितलं तर कानावर. हळद, कुंकू, हाराचं पाणी, उदबत्तीचा धूर, नातवंडांची बोटं, दिवाळीत फुलबाजीची ठिणगी, सगळं त्या काचेनं घेतलं. माय तिला राख लावून, ओल्या वर्तमानपत्रानं घासते. मी तिला फक्त एवढंच शिकवू शकलो की पाणी काचेवर मारायचं नाही, कागद ओला करायचा, नाहीतर ओघळ पट्टीच्या खाचेत उतरतो आणि लक्ष्मीच्या पायाशी ओल धरते. तिनं ते ऐकलं, कारण पायांचा प्रश्न होता. लेपाची काच इथं महिनाभर टिकली नसती. दोर्जलेसला ज्या काचेचा एवढा राग आला, ती साधी, चमकणारी, कशीही घासता येणारी काच अशा घरासाठी योग्य आहे.

म्हणून फ्रेमवाल्याला सांगितलं, साधी टाका, तीन एमएम. माऊंट पांढरा, जाड. तो म्हणाला, 'एवढा इचार करून साधीच?' त्यानं हिरकणीनं रेघ ओढली, टेबलाच्या कडेवर काच टक्‌ करून मोडली, आणि माझ्यासाठी म्हणून कडा कानसीनं जास्तीच्या घासून दिल्या. भिंतीचा तंटा पुतणीनं आपल्या बाजूनं मिटवला : चित्र समोरच्याच भिंतीवर, पण संध्याकाळी दाराला पडदा. पडदा ओढायचं काम माझ्याकडं आलं.

खंडेनवमीला मायनं घरातली हत्यारं काढली. विळा, कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन, भावाचा ट्रॅक्टर, पुतणीचे ब्रश. सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं आणि तबकात थोडं उरलं. ती बैठकीत गेली आणि तिनं भाजीवालीलाही एक बोट लावलं. पुतणी धावत आली. 'आज्जे, अगं काय केलंस! पार नाकावर लागलंय तिच्या!'

माय म्हणाली, 'मंग पूस की. काच कशापायी लावलीय?'